धबधब्यावर थांबायचं

देवरामकाकांच्या गळ्यात कोणीही काहीही मारावं. निफाडहून द्राक्षांची गाडी घेऊन ते मुंबईच्या मार्केटला गेले की येताना एखादी तरी बिनकामाची वस्तू हमखास घेऊन यायचे. एकदा कणीक मळायचं यंत्र आणलं होतं, ते भावजयीने, मंगलाबाईंनी, दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकलं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात काकांनी भावाच्या पोरांसाठी टीव्ही गेम आणला. याने मुलांचं गणित सुधारतं, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, आणि काकांनी नाशकात सिडकोतल्या पवननगरच्या भावाच्या रो-हाऊसमध्ये ते सगळ्यांना तसंच्या तसं ऐकवलं. थोरला अमोल आठवीची परीक्षा देऊन बसला होता आणि गणितात काठावर होता, म्हणून त्याने जोरात मान डोलावली. धाकटी हर्षाली पाचवीत होती. तिला गणित चांगलं येत होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

खोक्यात एक काळा डबा होता, पिवळी कॅसेट होती आणि वायरने जोडलेले दोन रिमोट. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव गेम असल्याचं छापलं होतं. खरे सात-आठच होते, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावाने. हर्षालीच्या पप्पांनी, म्हणजे रंगनाथरावांनी, टीव्हीच्या मागे बसून चॅनल जुळवून दिला. ते अंबडच्या एका कंपनीत फिटर होते आणि घरातली कुठलीही वस्तू पेचकसाशिवाय सुरू होऊ शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता. चालू होईना की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची, परत घालायची. हा उपाय कोणी शिकवला ते कोणालाच माहीत नाही, पण नाशकातल्या प्रत्येक पोराला तो येत होता.

दोन्ही रिमोट दिसायला सारखे. पण एक नंबरच्या रिमोटवर मधोमध दोन बारीक बटणं होती. त्यातलं एक दाबलं की गेम सुरू व्हायचा, खेळता खेळता दाबलं की थांबायचा. दोन नंबरच्या रिमोटवर त्या जागी नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. एक नंबर अर्थात अमोलचा. दोन नंबर हर्षालीचा. गेम कधी सुरू करायचा, लघवीला जायचं तर कधी थांबवायचा, आई हाक मारतेय ते ऐकायचं की नाही, हे सगळं दादा ठरवणार. हर्षालीने पुष्कळ दिवस त्या गुळगुळीत जागेवर अंगठा दाबून पाहिला. मग सोडून दिलं.

त्या दोघांचा आवडता गेम म्हणजे दोन कमांडोंचा. एक नंबरचा गडी निळ्या चड्डीतला, दोन नंबरचा लाल चड्डीतला. दोघांनी बंदुका घेऊन जंगलातून पुढे पुढे जायचं. प्रत्येकाला थोड्या लाईफ मिळायच्या. एक लाईफ गेली की गडी वरून परत टपकायचा. सगळ्या संपल्या तरी एक सोय होती. आपल्या रिमोटचं बटण दाबलं की जोडीदाराच्या लाईफमधली एक आपल्याकडे यायची. त्याला विचारायचीसुद्धा गरज नाही. हर्षाली अशा दादाच्या लाईफ बिनदिक्कत उचलायची आणि अमोल तिच्या नावाने शंख करायचा.

तिसऱ्या स्टेजला धबधबा होता. तिथे आडवं नाही, वर जायचं. एका कपारीवरून दुसऱ्या कपारीवर उड्या मारत चढायचं, आणि जो पुढे असेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकायचा. गोम अशी की खाली राहिलेल्याच्या पायाखालची कपार पडद्याबाहेर गेली की तो मेला. गोळी लागली नाही, काही नाही, फक्त जोडीदार वर गेला म्हणून मेला. अमोल सुसाट चढायचा. हर्षालीचा लाल गडी दर वेळी खाली राहायचा आणि मरायचा, आणि ती प्रत्येक वेळी खरोखरचं रडायची.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने दादाला ओवाळलं. ओवाळणीची नोट मंगलाबाईंनीच अमोलच्या हातात ठेवलेली असायची, आणि ताटात पडल्यावर 'तुझ्याकडून हरवेल' म्हणून परत त्यांच्याच पाकिटात जायची. हर्षाली म्हणाली, मला ती नोट नको. दुसरं काहीतरी दे. काय, ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं.

"धबधब्यावर थांबायचं," ती म्हणाली. "मी येईपर्यंत."

अमोलने डोकं खाजवलं. नोट देणं सोपं होतं. "बरं," तो म्हणाला, "पण मग तू रडायचं नाही."

दोघांनी शब्द पाळला. तेव्हापासून निळा गडी दोन कपारी चढून उभा राहायचा, वरून गोळ्या येत असल्या तरी उभा राहायचा, लाल गडी धापा टाकत शेजारी आला की मग पुढची उडी. धबधब्याच्या वर बर्फाची स्टेज होती. पांढरंशुभ्र सगळं. ज्या दिवशी ते दोघं पहिल्यांदा तिथे पोहोचले त्या दिवशी हर्षालीने आनंदाने आईला टीव्हीसमोर ओढत आणलं होतं, आणि मंगलाबाई हातातलं पीठ झटकत म्हणाल्या होत्या की बरं आहे, आता जेवायला या.

पुढे अमोलने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायच्या कामाला लागला. टीव्ही गेम कणकेच्या यंत्राशेजारी माळ्यावर गेला. अमोलची मोटारसायकल जिल्हाभर फिरायची. नव्याण्णव साली, मार्चमध्ये, तो लासलगावहून एक काटा दुरुस्त करून परत येत होता. कांद्याचा हंगाम. दिवेलागणीची वेळ. रस्त्याच्या कडेला कांद्याने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही, साधा लाल कपडासुद्धा नाही. त्या रस्त्यावर अशा ट्रॉल्या नेहमीच उभ्या असायच्या आणि येणारे-जाणारे नेहमीच चुकवून जायचे.

अमोल वाचला. लोक असंच म्हणायचे, वाचला. हॉस्पिटलमधून घरी आणला तेव्हा त्याचा डावा हात आणि डावा पाय त्याचे राहिले नव्हते. उजवा हात थोडा हलायचा. बोलणं गेलं होतं, नुसतं 'हं' निघायचं. पाणी हवं असलं तरी हं, नको असलं तरी हं. पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर, त्याची कॉट लावली गेली आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मागच्या खोलीत गेल्या.

हर्षाली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, अकरावीला होती. ती रडली नाही. कोणी म्हणालं, पोरगी खंबीर आहे. कोणी म्हणालं, हिला काळीज नाही. दोन्ही खोटं होतं. तिला काहीच वाटत नव्हतं, एवढंच. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो तसं तिचं आतलं सगळं झालं होतं, आणि ती सुई उतरेचना. ती अमोलचं अंग पुसायची, चमच्याने भरवायची, चादर बदलायची, कॉलेजला जायची, परत यायची. मैत्रिणीच्या लग्नात नाचायची सुद्धा. विनोद झाला की इतरांच्या मागून हसायची. रात्री उशीवर डोकं टेकलं की झोप लागायची. यातलं काही तिला खुपत नव्हतं. खुपायला काहीतरी जागं असावं लागतं.

फिजिओथेरपीच्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, उजव्या हाताला काम द्या, बोटांना काम द्या. मंगलाबाईंनी त्याच्यापुढे शेंगा सोलायला ठेवल्या. अमोलने ताट लोटून दिलं. मग हर्षाली माळ्यावर चढली आणि तो काळा डबा खाली घेऊन आली. कॅसेटमध्ये फुंकर मारली. पहिल्याच फुंकरीला चालू झाला, म्हणजे बघा.

एका हाताने रिमोट धरून खेळता येत नाही. हर्षालीने आईचा जुना पोळपाट घेतला, त्यावर रिमोट आडवा ठेवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधला. पोळपाट अमोलच्या मांडीवर. आता एकाच हाताने, बोट एकीकडे आणि अंगठा दुसरीकडे ताणून, जमेल तसं दाबता येणार होतं. फक्त गेम सुरू करणं, थांबवणं, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून एक नंबरचा रिमोट हर्षालीने घेतला आणि पोळपाटावर दोन नंबर बांधला. बांधताना तिचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून गेला. दादाने आयुष्यात कधी दोन नंबर हातात धरला नव्हता, हे तिच्या मनात आलं, आणि आलं तसं गेलं.

पहिले काही महिने लाल गडी जागच्या जागी उड्या मारायचा. मग पहिला खड्डा ओलांडायला लागला. दुपारी जेवणं उरकली की दोघं खेळायचे. मधेच लाइट जायची आणि सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा लाइट जाण्याचं एवढं होतं की कोणी चिडायचंसुद्धा नाही. हर्षाली बोलायची नाही, अमोलला बोलता यायचं नाही. पण पडद्यावर ते दोघं शेजारी शेजारी धावत होते. बाईंनी त्याची बोटं तपासली आणि खूश झाल्या. धबधब्याला हर्षाली दोन कपारी चढून थांबायची, लाल गडी सावकाश वर यायचा. दोन हजार साल उजाडल्यावर एकदा तर ते धबधबा पार करून बर्फात पोहोचले. अमोल 'हं' म्हणाला. हर्षालीने मान हलवली आणि त्याला पाणी पाजलं.

त्याच्या पुढच्या वर्षी कळवणचं स्थळ आलं. मुलाचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. माणसं सरळ होती. चहा-पोहे झाले. मुलाच्या आईने अगदी मऊ आवाजात विचारलं की लग्नानंतर हिला इकडे किती यावं लागेल. सगळे कॉटकडे बघायला लागले, आणि मग बघितलं म्हणून ओशाळून चहाच्या कपात बघायला लागले. हर्षाली अमोलची चादर सारखी करत होती. तिथूनच, वर न बघता, ती म्हणाली, "मला नाही करायचं लग्न. दादाला कोण बघणार?"

माणसं गेली. देवरामकाकांनी हे स्थळ आणलं होतं, ते चिडून म्हणाले, "पोरी, तुझं डोकं फिरलंय. लय चांगली मान्सं व्हती." मंगलाबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिल्या. आणि हे सगळं, नकार, काकांचं बोलणं, भांड्यांचा आवाज, अमोलच्या उशाशी झालं. घरातली माणसं एक चूक दोन वर्षं करत होती आणि पुढेही करत राहिली. तो बोलत नाही म्हणजे तो ऐकत नाही, असं न ठरवता ठरून गेलं होतं. त्याच्या औषधांबद्दल, त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल, त्याच्यामुळे कोणाचं काय अडलंय त्याबद्दल, सगळं त्याच्या देखत.

त्यानंतर धबधबा पार झाला नाही. लाल गडी सगळे खड्डे ओलांडून तिथवर नीट यायचा, पहिल्या कपारीवर चढायचा आणि कडेवरून खाली जायचा. वरून टपकायचा, परत खाली. लाईफ संपेपर्यंत. हर्षालीला वाटलं, हात थकत असेल. चढायला उडी नेमकी लागते. ती म्हणायची, राहू दे दादा, उद्या बघू, आणि डबा बंद करायची. दुसऱ्या दिवशी तेच. बाई म्हणाल्या, बोटं छान चालतात, धबधब्याचं मला कळत नाही. अशी तीन-चार वर्षं गेली. हर्षालीची बी.कॉम. झाली. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली, सकाळची बॅच, म्हणजे दुपारी घरी. तिला याचं वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. दात घासावे तसे दिवस जात होते.

मग स्नेहलचा फोन आला. ती शाळेपासूनची मैत्रीण, नोकरीला पुण्यात. तिथे एक लहानशी कंपनी मोबाइलवरचे गेम बनवत होती आणि त्यांना माणसं हवी होती, गेम खेळून त्यातल्या चुका शोधायला. स्नेहलने परस्पर हर्षालीचं नाव दिलं होतं. देवरामकाका त्या दिवशी घरीच होते. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. "खेळायचा पगार? बसून?" मग म्हणाले, "म्हंजी मी आणला त्यो डबा वाया नाय गेला." गणिताचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

हर्षाली एस.टी.ने पुण्याला जाऊन आली. जाऊन येऊ म्हणून गेली. तिच्या हातात एक मोबाइल दिला, त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. तासाभराने तिने सांगितलं की अमुक वळणावर गाडी भिंतीला घासली तर अडकते. तिथल्या माणसाने विचारलं, तुमच्या हातून चुकून झालं असेल का? ती म्हणाली, मीही तेच समजले, पण परत परत तिथेच होतंय. तो माणूस हसला. तिच्याहून फार मोठा नसेल, केस विस्कटलेले. "हेच हवंय," तो म्हणाला. "एकदा झालं तर खेळणारा चुकला. त्याच जागी, तसंच, पुन्हा पुन्हा झालं, तर ती खेळणाऱ्याची चूक नसते. त्यामागे काहीतरी असतं. ते शोधायचं."

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला, दिवाळी झाली की या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नक्की कळवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या कोणाला बोलावतो. हर्षालीने बरं म्हणून फोन ठेवला आणि अमोलचं जेवण भरवायला बसली.

घरात कोणी अडवलं नाही, हीच पंचाईत. कोणी नको म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. पप्पांनी कंपनीतून नुकतीच सेवानिवृत्ती घेतली होती, ते म्हणाले, मी आहे की घरी. मंगलाबाई म्हणाल्या, "तू तुझं बघ बाई. आम्ही काय मेलोत का?" आणि हे म्हणताना गुडघ्याला हात लावून उठल्या. हर्षालीने तो हात बघितला. अमोलला कुशीवर वळवताना लागणारा जोर तिला माहीत होता. फराळाच्या चकल्या तळल्या, कंदील लावला, लक्ष्मीपूजन झालं. जावं की जाऊ नये, हे ती मनाला विचारायची आणि तिथून उत्तरच यायचं नाही. भीती नाही, इच्छा नाही. काही न करता कळवायचा दिवस गेला की आपोआप नाही म्हटल्यासारखं होईल, हे तिला कळत होतं. आणि तसंच होणार, हेही.

भाऊबीजेच्या दुपारी तिने अमोलला ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन फिरवलं. दर वर्षीप्रमाणे मंगलाबाईंनी त्याच्या उजव्या मुठीत नोट ठेवली. दर वर्षी तो हात ताटावर यायचा आणि मूठ उघडायची. या वर्षी त्याने मूठ कॉटच्या बाहेर नेली आणि नोट फरशीवर टाकली. मंगलाबाईंनी ती उचलून ताटात ठेवली. त्याचा हात कापतो गं, असं म्हणाल्या आणि आत गेल्या. अमोलचा हात पोळपाट शोधत होता.

हर्षालीने पोळपाट मांडीवर दिला, डबा लावला, फुंकर मारली. निळा गडी आणि लाल गडी जंगलातून निघाले. लाल गड्याने एकही खड्डा चुकवला नाही. धबधबा आला. निळा दोन कपारी चढला आणि थांबला. लाल एक कपार चढला, डावीकडे वळला आणि चालत चालत खाली गेला. वरून टपकला. परत गेला. हर्षाली म्हणणार होती, राहू दे दादा. तोंड उघडलं होतं तिने.

पण पुण्याच्या त्या माणसाचं वाक्य मधे आलं.

खेळणारा पडद्याकडे बघतो, हाताकडे बघत नाही. इतक्या वर्षांत तिने खेळताना अमोलच्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हात कापत नव्हता. बोट डाव्या बाजूवर दाबून धरलेलं होतं, अगदी स्थिर. अंगठा उडीच्या बटणावर होता, पण दाबत नव्हता.

तिने गेम बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. जंगल, खड्डे, पूल, पुन्हा धबधबा. या वेळी ती चढलीच नाही. निळा गडी खालीच उभा ठेवला. लाल गडीही उभा राहिला. बराच वेळ दोघं तसेच, मागे पाणी पडतंय. मग लाल गड्याने उडी मारली. एक कपार. दुसरी. तिसरी, तीही कोपऱ्यातली, अवघड. आणि पडद्याच्या वरच्या कडेशी येऊन थांबला. अजून एक उडी मारली असती तर पडदा सरकला असता आणि खालचा निळा मेला असता. तो थांबला. वरून गोळ्या येत होत्या, तरी थांबला.

हर्षाली उड्या मारत त्याच्या शेजारी गेली. मग एक कपार वर. लाल गडी वळला आणि चालत खाली गेला.

"दादा," ती म्हणाली, "मुद्दाम?"

अमोलने मान वळवली. हे त्याला कष्टाचं काम होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच हं म्हणायचा. पण हर्षालीला त्याचे सगळे हं ओळखू यायचे, आणि हा हो होता.

केव्हापासून, हे तिला विचारावं लागलं नाही. चादर सारखी करत, वर न बघता आपण काय बोललो होतो ते तिला आठवलं. त्या वेळी चादरीखाली कोण होतं, तेही. तेव्हापासून हा माणूस रोज दुपारी एकच गोष्ट सांगत होता, आणि ती रोज म्हणत होती, उद्या बघू.

लाल गड्याच्या लाईफ संपल्या. निळ्याकडे पुष्कळ होत्या. अमोलने अंगठा दाबला असता तर एक त्याच्याकडे गेली असती, लहानपणी ती उचलायची तशी, न विचारता. अंगठा बटणावरच होता.

"घे," हर्षाली म्हणाली. "दादा, लाईफ घे."

अमोलने अंगठा उचलला. मग पूर्ण हात पोळपाटावरून उचलला आणि कॉटवर, ओवाळणीच्या ताटाशेजारी, उताणा ठेवला. मान त्याने पडद्याकडे वळवली होती. तिथे आता एकटा निळा गडी उभा होता.

हर्षाली थांबली. धबधब्यावर थांबायचं, हे तिच्या बोटांत होतं. पण खाली कोणी नव्हतं. कोणासाठी थांबायचं ते कोणी उरलं नव्हतं, त्याने उरू दिलं नव्हतं. तिने उडी मारली. दुसरी मारली. पडदा वर सरकला आणि खालच्या कपारी दिसेनाशा झाल्या.

बराच वेळ मांडी घालून बसल्यावर उठताना पायात मुंग्या येतात, रक्त परत येताना दुखतं, तसं तिच्या छातीत दुखायला लागलं. पाच वर्षांचं एकदम. तिला पुण्याला जायचं होतं. फार जायचं होतं. आणि दादाला सोडून जायचं नव्हतं, तेही फार. दोन्ही एकदमच जागं झालं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात रिमोटवर होते, वरून गोळ्या येत होत्या, म्हणून तिने दंडाला नाक पुसलं आणि चढत राहिली. तू रडायचं नाही, अशी त्याची अट होती. ती तिने मोडली.

वर पोहोचली तर सगळीकडे बर्फ. तिने अंगठ्याने मधलं बटण दाबून गेम थांबवला. निळा गडी पांढऱ्या जमिनीवर उभा राहिला. शेजारून अमोलच्या घशातून आवाज आला, नेहमीपेक्षा लांब, तो हसत होता.

मंगलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि मुलीचं तोंड बघून जागीच थांबल्या. काय झालं, म्हणून त्यांनी घाबरून आधी अमोलकडे पाहिलं.

"काही नाही," हर्षाली म्हणाली. "आई, माळ्यावरची मोठी बॅग कुठे आहे?"